उत्तर वयांतील श्रीगणेशा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं लहानसा खटका उडाला आणि त्याचा निवाडा करण्यास आम्हांस बोलावणें आलें. खटक्याचें कारण ऐकून वाचकांस हसूं येईल. कारण होतें रंगांची पेटी.

हे स्नेही पाटबंधारे खात्यांत इंजिनियर होते. कालवे, बंधारे आणि सांडवे यांच्या मोजमापांत त्यांचीं ३४ वर्षें गेलीं. सरकारी नियमाप्रमाणें ५८ व्या वर्षीं ते निवृत्त झाले, त्याला आतां सात वर्षें होत आलीं. निवृत्तीनंतरचीं पहिलीं दोन वर्षें बहुतेक पेन्शनरांचीं जातात तशींच गेलीं. सकाळीं फिरणें, दुपारीं वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणें आणि घरांतील नळ, दिवे, बँक, वीजबिल, वाणसामान व नातवाची शाळा हीं सर्व खातीं बिनपगारी सांभाळणें, असा त्यांचा क्रम होता. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं जलरंगांची पेटी आणिली. घरांत सर्वांस बरें वाटलें. बाबांचा वेळ चांगला जाईल, असें दोघेही मुलगे म्हणाले. येथपर्यंत तक्रार कोणाचीच नव्हती.

तक्रार उत्पन्न झाली ती पुढें. एके दिवशीं जेवतांना गृहस्थांनीं जाहीर केलें कीं, “उद्यांपासून सकाळीं सात ते दहा मी घरांतल्या कोणत्याही कामाला मोकळा नाहीं.” घरांत नऊ माणसें, दोन्ही सुना नोकरी करणाऱ्या, नातवाची बस साडेसातला. हा ठराव ऐकून पंगत स्तब्ध झाली. थोरला मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो आम्हांस म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा बाबांना. छंदच आहे ना शेवटीं? मग दुपारीं करावा, सगळें घर निजलेलें असतें तेव्हां.” वहिनींचें म्हणणें याहून निराळें आणि आमच्या मतें अधिक जड होतें. त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षें यांनीं धरणाला दिलीं. आतां उरलेलीं नदीला देताहेत. आमची पाळी केव्हां यायची?”

आम्हीं त्या दिवशीं मुलाचीच बाजू घेतली, हें प्रथमच कबूल करितों. चाळीस वर्षें शाळेंत घंटेप्रमाणें चालल्यामुळें ज्या गोष्टीची परीक्षा नाहीं ती गोष्ट दुपारच्या सुट्टींत करावी, अशी आमच्या मनाची ठेवणच झालेली आहे. आम्ही स्नेह्यांस म्हटलें, “अहो, चित्र काय, तिसऱ्या प्रहरींही काढतां येईल. घर अडून बसतां कामा नये.” ते रागावले नाहींत. इतकेंच म्हणाले, “मास्तर, चार दिवस सकाळीं माझ्याबरोबर येऊन बसा. मग निकाल द्या.” त्या चार दिवसांत आम्हीं जें पाहिलें, आणि त्यानंतर दोन महिन्यांनीं त्याच घरांत जें घडलें, तें वाचकांस सांगावें असा आजचा हेतु आहे.

पहिल्या दिवशीं आम्ही चहाचा थर्मास आणि वर्तमानपत्र घेऊन गेलों, कारण आमच्या समजुतीनें ती एक सहलच होती. ओंकारेश्वराच्या बाजूस मुठेच्या काठीं त्यांनीं बैठक मांडली. लाकडी फळीवर चारही कडांनीं चिकटपट्टीनें बसविलेला जाड सुती कागद, पाण्याचीं दोन भांडीं (एक कुंचला धुण्याचें, एक निर्मळ पाण्याचें), एक जुनें फडकें आणि सहाच रंग. आम्हांस वाटलें, आतां चित्र सुरू होईल. परंतु जवळजवळ वीस मिनिटें गृहस्थ नुसते बसून होते. देवळाच्या कोणत्या बाजूस ऊन आहे, घाटाची सावली कोठें तुटते, पाण्यांतलें सर्वांत उजळ ठिकाण कोणतें, हें ते पाहात होते. मग पेन्सिलीच्या पांचसहा फिकट रेघा ओढून त्यांनीं कागद ओला केला आणि त्यानंतर तासभर एक शब्दही बोलले नाहींत. आमचें वर्तमानपत्र घडीसुद्धां न मोडतां घरीं परत आलें.

ज्यांनीं जलरंग कधीं हाताळले नाहींत, त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण करणें अवश्य आहे. तैलरंगांत चूक झाली तर तिच्यावर दुसरा थर देऊन ती झांकतां येते. जलरंग पारदर्शक असल्यामुळें ती सोय त्यांत जवळजवळ नाहीं. या पद्धतींत चित्रांतला पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. देवळाच्या भिंतीवरचें ऊन रंगवावयाचें नसतें, तें सोडून द्यावयाचें असतें. म्हणून चित्रकार फिक्यापासून गडदाकडे जातो, आणि एकदां उजेड बुजविला कीं तो बहुधा परत मिळत नाहीं. त्यांतही ओला रंग दिसतो त्याहून वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळें हात चालवितांना डोळ्यांस दिसतें त्याच्या पुढचें मनांत धरावें लागतें. तिसरी अडचण वेळेची. कागद ओला असतांना दिलेला रंग पसरून मऊ कडा होते, कोरडा झाल्यावर दिलेल्या रंगाची कडा तीक्ष्ण राहाते, आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. शिवाय सूर्य थांबत नाहीं. आठ वाजतां घाटावर पडलेली सावली दहा वाजतां तेथें नसते. दुपारीं ऊन डोक्यावर आलें कीं सावल्या आंखडतात, भिंती सपाट दिसूं लागतात आणि उन्हाळ्यांत तर कुंचला पुढें सरकण्यापूर्वींच मागचा रंग सुकतो. दुपारीं चित्र काढावें हा आमचा सल्ला किती अडाणीपणाचा होता, हें आम्हांस दुसऱ्याच दिवशीं कळून चुकलें.

तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस आपल्या पहिल्या दोन वर्षांचीं चित्रें दाखविलीं. तीं पाहून आम्हांस मौज वाटली. प्रत्येक वीट मोजून काढलेली, प्रत्येक खांब ओळंब्यांत, झाडाचीं पानेंसुद्धां एका मापाचीं! तीं चित्रें नव्हतींच, इमारतीचे नकाशे होते आणि त्यांवर रंग भरलेला होता. नोकरीच्या आरंभीं त्यांनीं टी-चौकोन, गुण्या आणि शाईची बारीक पेन घेऊन ट्रेसिंगवर शेंकडों नकाशे काढले होते. अमोनियाच्या वासाच्या प्रती निघत, तो काळ. पुढें संगणक आला, पण हातांतली रेघ राहिली. ती रेघ हाच त्यांचा मोठा अडसर झाला. ज्या बाईंकडे ते आठवड्यांतून दोनदां शिकावयास जातात, त्या वयानें त्यांच्या सुनेहूनही लहान आहेत. पहिल्याच महिन्यांत त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही मोजतां फार आणि बघतां कमी.” ज्याच्या सहीवांचून कालव्याचें पाणी सुटत नसे, त्या गृहस्थांनीं हें वाक्य निमूटपणें ऐकून घेतलें आणि घरीं येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलें. आमच्या मतें त्यांच्या चित्रकलेचा खरा श्रीगणेशा त्या दिवशीं झाला. साठाव्या वर्षानंतर नवी विद्या शिकण्यांत बुद्धि आड येत नाहीं, आड येतो तो मिळविलेला मान.

परंतु जुनी विद्या सगळीच टाकून द्यावी लागते, असेंही नाहीं. आम्हीं विचारिलें, “कागद किती ओला आहे हें तुम्हांला कळतें तरी कसें?” ते म्हणाले, “मास्तर, आयुष्यभर तेंच तर केलें. काँक्रीट ओतल्यावर तें धरूं लागण्यापूर्वीं सारखें केलें पाहिजे. धरूं लागल्यावर हात लावला तर बिघडतें, आणि पुरतें धरल्यावरच त्याच्यावर पुढचें काम चढवितां येतें. साध्या सिमेंटला ३० मिनिटांच्या आंत धरतां कामा नये असा नियम आहे. कागद मला पांचसहाच मिनिटें देतो, एवढाच फरक.” दुसरा एक प्रसंग त्यांनीं सांगितला. आरंभीं काढलेलें जास्वंदीचें एक चित्र त्यांनीं खिडकीजवळ टांगलें होतें. दोन वर्षांत फुलाचा तांबडा रंग जवळजवळ उडाला. कांहीं तांबड्या रंगद्रव्यांस, विशेषतः अलिझारिन जातीच्या किरमिजी रंगास, उजेड सोसत नाहीं, हें त्यांस तेव्हां कळलें. दुसरा कोणी हळहळला असता. यांनीं मात्र सिमेंटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनीं दाबून पाहाण्याची जुनी संवय आठवून आपल्या सर्व रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढल्या, त्यांचा अर्धा भाग काळ्या कागदानें झांकला आणि तो तक्ता दक्षिणेच्या खिडकीला सहा महिने लावून ठेविला. जे रंग उतरले ते पेटींतून बाद झाले. पावसाळ्यांत कागदास बुरशी लागून त्याची खळ मरते आणि तो ठिकठिकाणीं टीपकागदासारखा रंग पितो, म्हणून कागद आतां लोखंडी कपाटांत कोरड्या ठिकाणीं असतो. कामांतील हा काटेकोरपणा त्यांस खात्यानेंच दिला.

वस्तुतः इंजिनियरी आणि जलरंग यांचें नातें आम्हांस वाटत होतें त्याहून जुनें आहे. ज्याला इंग्रजी जलरंगांचा जनक म्हणतात, तो पॉल सँडबी १७६८ पासून १७९६ पर्यंत वुलिच येथील लष्करी विद्यालयांत तोफखान्याच्या व इंजिनियरीच्या विद्यार्थ्यांस चित्रकला शिकवीत होता. मुलूख पाहून त्याचें चित्र काढतां येणें हा त्या काळीं लष्करी इंजिनियराच्या शिक्षणाचा भाग होता. एकोणिसाव्या शतकांतील यंत्रांचे व पुलांचे नकाशेही जलरंगांनींच भरले जात. विटांस किरमिजी, घडीव लोखंडास प्रशियन निळा, पितळेस पिवळा, असे त्यांचे संकेत ठरलेले होते. आपल्या पुण्यांतही सवाई माधवरावांच्या वेळीं गंगाराम तांबट नांवाच्या चित्रकारानें इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं होतीं. मोजणारा हात आणि रंगविणारा हात हे एकाच अंगाला असूं शकतात, याला इतकीं प्रमाणें पुरेत.

घरीं आल्यावर आम्हीं आमचीं जुनीं पुस्तकें उघडलीं. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. हीं सहा नांवें आम्हीं वर्गांत किती तरी वेळां फळ्यावर लिहिलीं असतील, पण त्यांचा अर्थ आम्हांस नदीकाठीं उमगला. आमच्या स्नेह्यांपाशीं प्रमाण पहिल्या दिवसापासून होतें. सादृश्य त्यांनीं वर्षभरांत मिळविलें. वर्णिकाभंग म्हणजे रंगांची हाताळणी ते आतां शिकत आहेत. भाव आणि लावण्य यांची वाट ते पाहात आहेत, आणि वाट पाहाण्याची तयारी आहे हेंच त्यांच्या गंभीरपणाचें लक्षण होय. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत तर मार्कंडेय वज्रराजास सांगतात कीं, नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळावयाचें नाहीं, वाद्याशिवाय नृत्य कळावयाचें नाहीं, आणि या सर्वांच्या मुळाशीं गायन आहे. चित्राला गायन कशाला हवें, असें आम्हांस आजवर वाटे. ओल्या कागदावर नेमक्या क्षणीं कुंचला टेकवितांना व नेमक्या क्षणीं उचलतांना पाहिला, तेव्हां चित्रालाही ताल असतो आणि सम चुकली तर ती चुकलीच, हें ध्यानांत आलें.

यावर कोणी म्हणेल, पण या वयांत आरंभ करून पोंचावयाचें कोठें? त्यास उदाहरण रवींद्रनाथांचें द्यावें. कवि म्हणून जगभर कीर्ति मिळाल्यावर साठी उलटून गेल्यानंतर ते चित्रांकडे खऱ्या अर्थानें वळले, आणि त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन १९३० सालीं पॅरिस येथें भरलें तेव्हां ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पण आम्हांस हें उदाहरण थोडें धोक्याचेंही वाटतें. प्रत्येक पेन्शनरानें रवींद्रनाथांकडे बोट दाखवूं लागावें, यांत कांहीं अर्थ नाहीं. आमच्या स्नेह्यांचें उत्तर आम्हांस अधिक पटलें. त्यांच्या खोलींत सावळाराम हळदणकर यांच्या निरांजनाच्या चित्राची एक प्रत लाविलेली आहे. हातांत निरांजन घेतलेली स्त्री, ज्योतीपुढें धरलेला तिचा दुसरा हात आणि बोटांमधून पाझरणारा तांबूस उजेड! १९४५-४६ च्या सुमारास काढलेलें हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. चित्रासाठीं हळदणकरांची कन्याच उभी राहिली होती. पुष्कळ लोक तें रविवर्म्याचें तैलचित्र समजतात, परंतु तें सारें जलरंगांत आहे. त्या प्रतीकडे बोट दाखवून स्नेही म्हणाले, “हें मला या जन्मीं साधणार नाहीं. पण पांच वर्षांपूर्वीं मला यांत नुसती एक बाई दिसत होती. काय साधलेलें आहे तें आतां दिसतें. एवढ्यासाठींच माझे तीन तास.”

चौथ्या दिवशीं आम्हीं आमचा निकाल फिरविला आणि थोरल्या मुलास तसें स्पष्ट सांगितलें. तो समंजस आहे. वीजबिल व बँकेचीं कामें तो आतां मोबाईलवरून स्वतःच करितो. नातवाला बसपर्यंत पोंचविण्याचें काम दोघां भावांनीं वारीनें वांटून घेतलें. येथें हा लेख संपला असता. परंतु यानंतर जें झालें त्यानें आम्हांस आमचा निकालही अपुरा होता असें दाखवून दिलें.

दिवाळी झाल्यावर एके दिवशीं धाकट्या सूनबाईंनीं जेवण वाढतांना सहज म्हटलें, “बाबा, एक विचारूं? अलीकडे तुमचें आकाश फार निळें व्हायला लागलंय. पहिल्यासारखं नाहीं वाटत.” थोरला मुलगा तत्काळ म्हणाला, “छान तर आहे!” वहिनीही म्हणाल्या, “हो, छानच असतात सगळीं.” मात्र गृहस्थ उठले, आंत जाऊन त्यांनीं गेल्या वर्षभरांतील चित्रें आणिलीं आणि तारखेच्या क्रमानें भिंतीला टेकवून लाविलीं. सूनबाईंचें म्हणणें खरें होतें. महिन्यामागून महिना आकाश आणि पाणी गडद निळें होत गेलें होतें, आणि त्यांस स्वतःस मात्र सगळीं आकाशें सारखींच दिसत होतीं! दुसऱ्या दिवशीं ते नेत्रवैद्याकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकत चालला होता.

मोतीबिंदूनें नजर अंधुक होते हें सर्वांस ठाऊक आहे, पण रंगही बदलतात हें पुष्कळांस ठाऊक नसतें. डोळ्यांतील भिंग पिवळसर तपकिरी होत जातें आणि निळा प्रकाश अडवितें. हें इतकें सावकाश घडतें कीं ज्याचें त्यास कळत नाहीं. आमचे स्नेही त्या पिवळ्या पडद्यामागून आकाश पाहात होते आणि कागदावरचा निळा त्यांस पुरेसा वाटत नसल्यामुळें तो वाढवीत होते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची दृष्टि अशीच मोतीबिंदूनें झांकोळली होती, आणि १९२३ सालीं त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आजच्या काळीं ती शस्त्रक्रिया फार सुलभ झालेली आहे. मार्गशीर्षांत एका डोळ्याची आणि महिन्याभरानें दुसऱ्याची, अशा दोन्ही पार पडल्या. पट्टी निघाल्यावर त्यांनीं प्रथम काय पाहिलें असेल? खोलींतली निळी बादली. “मास्तर, इतका निळा रंग जगांत आहे हें मी विसरलों होतों,” असें ते आम्हांस म्हणाले. मग तीं वर्षभराचीं चित्रें त्यांनीं पुन्हां पाहिलीं. थोडा वेळ ते गप्प बसले. त्यांतील एकही त्यांनीं फाडलें नाहीं. प्रत्येकाच्या मागें तारीख आणि ‘जुना डोळा’ एवढेंच लिहून सर्व बांधून ठेविलीं.

या प्रसंगाचा आम्हीं पुष्कळ विचार केला. घरांत नऊ माणसें होतीं. आठ माणसें वर्षभर ‘छान आहे’ म्हणत होतीं, आणि तें प्रेमानेंच म्हणत होतीं. आम्ही स्वतः चार दिवस शेजारीं बसून तेंच म्हणत होतों. चित्र खरोखर पाहिलें तें एकीनें. वडील माणसाच्या कामाकडे आपण ज्या नजरेनें पाहातों, त्याच नजरेनें बालवर्गांतल्या मुलानें काढलेल्या आंब्याकडेही पाहातों. दोघांस कौतुक मिळतें आणि दोघांच्या कामाकडे कोणी निरखून पाहात नाहीं. मुलाचें यांत फारसें बिघडत नाहीं, कारण त्याला पुढें शाळा आहे, गुरु आहेत, परीक्षा आहेत. म्हाताऱ्या माणसाला मात्र घराबाहेर खरें सांगणारें माणूस दिवसेंदिवस कमी होत जातें. त्याच्या कामाला छंद म्हणून एकदां बाजूस सारलें कीं त्यांतील चूक सांगण्याचीही कोणास गरज वाटत नाहीं. सूनबाईंनीं तें एक वाक्य उच्चारलें नसतें, तर आणखी वर्षभर तें आकाश तसेंच निळें होत गेलें असतें, आणि आम्ही सर्व त्याला छान म्हणत राहिलों असतों.

तेव्हां ज्या घरांत असा एखादा वृद्ध विद्यार्थी असेल, त्या घरास आमचें सांगणें थोडकें आहे. त्याला ठरलेला वेळ द्या, आणि त्या वेळेंत हांक मारूं नका. जागा द्या, मग ती गच्चीचा कोपरा असली तरी चालेल, पण तेथील रंगाची थाळी रोज उचलावी लागूं नये. आणि आठवड्यांतून एकदां तरी त्याचें काम हातांत घेऊन पाहा व जें दिसेल तें मर्यादेनें पण खरें सांगा. कौतुक सणावारीं पुरे आहे.

विद्यार्थ्यासही कांहीं सांगावयाचें आहे. आपल्यापेक्षां लहान गुरु मिळाला तर कमीपणा मानूं नये. आलेगेले यांस चित्रें भेट देत सुटूं नये, कारण घेणाऱ्यास तें टांगावें लागतें. रंग व कागद महाग असतात, म्हणून पेन्शनींतून त्यांचा आंकडा ठरवून घ्यावा आणि तो ओलांडूं नये. वर्षांतून एकदां डोळे दाखवावे. आणि तीन तास मागून घेतले तर उरलेला दिवस घराला द्यावा.

ही शेवटची गोष्ट आम्हीं वहिनींच्या प्रश्नामुळें शिकलों. त्यांस आम्हीं मागाहून विचारिलें कीं, आतां तुमची तक्रार मिटली का? त्या म्हणाल्या, “यांना तीन तास मिळाले, चांगलेंच झालें. पण मला कोणी विचारलें का, कीं तुला किती तास हवेत?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, स्नेह्यांपाशीं तर नव्हतेंच. लग्नापूर्वीं त्या पेटी वाजवीत असत, हें घरांतल्या मुलांसही माहीत नव्हतें. चाळीस वर्षें ती पेटी माळ्यावर होती. मकरसंक्रांतीच्या आधीं गृहस्थांनीं स्वतः ती खालीं उतरविली, भाता फाटला होता तो दुरुस्त करून आणिला, आणि सायंकाळीं पांच ते सात स्वयंपाकघराकडे वहिनींनीं फिरकावयाचें नाहीं असा ठराव या वेळीं त्यांनीं मांडला. ठराव एकमतानें पास झाला. त्या दोन तासांत चहा कोण करितो, हें आम्हीं विचारिलें नाहीं, परंतु परवां गेलों असतांना इंजिनियरसाहेब कपबशा विसळतांना दिसले. आंतून सुरांचा चांचपडत चाललेला आवाज येत होता. एक सूर दोनदां चुकला. कोणीही छान म्हटलें नाहीं. धाकट्या सूनबाईंनीं फक्त बाहेरून सांगितलें, “आई, तो मध्यम जरा तपासून घ्या.”